नंबर आपला, खातं त्यांचं

मुलुंड पूर्वेच्या ज्या सोसायटीत माझा मामा राहतो, तिच्या कारभाराचे बरेचसे कागद गेली काही वर्षं कपाटात नव्हतेच. ते एका ईमेल खात्यात होते आणि खातं होतं जुन्या सेक्रेटरींच्या नावाचं. मेंटेनन्सची बिलं, लिफ्टच्या कराराच्या प्रती, गळतीच्या तक्रारी, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, सगळं तिथेच. सेक्रेटरी वारले. मुलाने नव्या फोनवरून खातं उघडायला घेतलं, तेव्हा कंपनीच्या यंत्रणेला संशय आला आणि तिने खातंच बंद करून टाकलं. वडिलांचा मोबाइल नंबर तोवर बंद झालेला, म्हणजे ओटीपीही येणार नाही. अर्ज केले, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं ते छापील मजकुराचं, खाली कुणाचं नाव नाही. कंपनी कोणती हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीने काही निराळं केलं असतं असं मला वाटत नाही.

आता सेक्रेटरी माझा मामा आहे. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला माणूस. मी अंधेरीत, मरोळच्या बाजूला, छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. सोसायटीपुढे सध्या एक प्रस्ताव आहे: गेटसाठी ॲप घ्यायचं. पाहुण्यांची नोंद, मेंटेनन्सचा भरणा, नोटिसा, भाडेकरूंची कागदपत्रं, सगळं त्या एकाच ॲपवर. मामा बाजूने, मी विरुद्ध. वाद ॲपपुरता राहिला नाही. तो जसा झाला तसा थोडा छाटून इथे देते आहे. मामाचे मुद्दे मात्र छाटलेले नाहीत, कारण त्यातले दोन-तीन मला अजून सोडवता आलेले नाहीत.

मी : सोसायटीचे स्वतःचे कागद सोसायटीला मिळत नाहीत, आणि तू आणखी एका कंपनीच्या हातात सगळं द्यायला निघालास?

मामा : कागद गेले ते एका माणसाच्या खासगी खात्यात ठेवले म्हणून. सोसायटीच्या नावाने खातं काढलं असतं, दोन पदाधिकाऱ्यांकडे पासवर्ड असता, तर ही वेळच आली नसती. आणि समज, कंपनीने कुणा भलत्याला ते खातं उघडून दिलं असतं, तर सगळ्यात आधी तूच तुटून पडली असतीस.

मी : कुलूप असावंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुलपापाशी एकही माणूस नसावा? दाखला घेऊन जायचं तर कुठे जायचं? तुमच्या एक्स्चेंजमध्ये निदान कुणी येऊन बसू तरी शकत होतं.

मामा : बसायचेच. तासन्‌तास बसायचे. फोनसाठी नाव नोंदवलं की वर्षं जायची, हे तुम्हाला आता सांगूनही खरं वाटत नाही. 'ओन युवर टेलिफोन' म्हणजे ओवायटी योजनेत जास्त पैसे भरले तरी रांग होतीच. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की इमारतीच्या इमारती मुक्या. लोक थेट एमडीएफपर्यंत यायचे.

एमडीएफ काय असतं हे मामाकडून ऐकण्यासारखं आहे. एक लांबलचक लोखंडी चौकट, एका बाजूला रस्त्याखालून आलेल्या केबलचे टॅग, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचे. त्या भागातल्या प्रत्येक फोनची तांब्याची एक जोडी तिथे येऊन टेकलेली. दोन बाजू जोडणारी बारीक वायर म्हणजे जंपर. ती काढली की त्या घराचा फोन मेला. मामा म्हणतो, त्या खोलीत उभं राहिलं की कळायचं, आपल्या हातात किती घरं आहेत ते.

मामा : ती ताकद माणसांच्या हातात होती आणि माणसांनी ती वापरली. कुणी चांगल्यासाठी, कुणी नाही. म्हणून 'पूर्वी निदान माणूस तरी होता' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, त्या माणसाने काय केलं? आज परदेशातल्या मुलाशी मी रोज तोंड बघून बोलतो, एक पैसा न देता. ट्रंक कॉल बुक करून बसलेल्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं?

मी : पण तुमच्या जंपरबद्दल जाब विचारायला जागा होत्या. टेलिफोन अदालत होती, लोकसभेत प्रश्न विचारले जायचे, पेपरात पत्रं यायची. ती रांग सगळ्यांना दिसत होती. आताची ताकद दिसतच नाही. गेल्या वर्षी नायराचं काय झालं, आठवतंय?

इथे जरा थांबायला हवं, कारण ही गोष्ट मुंबईत घडली आणि तिची हवी तेवढी चर्चा झाली नाही. नायरा एनर्जी ही तेल कंपनी. तिचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनारला, देशभर सहा हजारांवर पेट्रोल पंप. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के वाटा आहे. १८ जुलै २०२५ला युरोपीय संघाने नव्या निर्बंधांच्या यादीत नायराचं नाव घातलं. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचं आउटलुक बंद, टीम्स बंद. नायराचं म्हणणं असं, की परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले होते, माहिती आमची स्वतःची होती, आणि हा निर्णय भारतातल्या वा अमेरिकेतल्या कुठल्याही कायद्याने सांगितला नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सुनावणीच्या तोंडावर, जुलै संपायच्या आत, सेवा सुरू झाल्या. मधल्या काळात मेलसाठी तिने आधार घेतला तो रेडिफचा, म्हणजे याच मुंबईतल्या कंपनीचा.

मामा : निर्बंध राजकारणातून आले. कंपनीने आपली कातडी वाचवली. मुलुंडच्या सोसायटीला युरोप कशाला बंदी घालेल?

मी : घालणार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट उघडी पडली. तेलशुद्धीकरणासारख्या उद्योगाचं टपाल परदेशात बसलेलं कुणीतरी थांबवू शकतं, आणि थांबवण्याआधी इथल्या कुठल्याच कोर्टाला विचारावं लागत नाही. नायराकडे वकील होते, पैसा होता, त्यांना दिल्लीचं कोर्ट गाठता आलं. तुझ्या सोसायटीला छापील उत्तर मिळालं. जंपर एकाच जातीचा आहे.

मामा : पण रेडिफ होतीच ना हाताशी? म्हणजे पर्याय होता. एके काळी ज्याच्या त्याच्याकडे रेडिफचाच पत्ता असायचा. मग २००४ला जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं, आणि लोक आपणहून तिकडे गेले. जबरदस्ती कुणी केली?

मी : मेलमध्ये जबरदस्ती नाही, कबूल. कारण रेडिफवरून जीमेलला पत्र जातं. मेलचे नियम कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, म्हणूनच नायराला एका आठवड्यात घर बदलता आलं. हेच व्हॉट्सॲपचं करून बघ. तू व्हॉट्सॲप सोडून दुसरं ॲप घेतलंस, तर तुझ्या निवृत्तांच्या ग्रुपला तिथून निरोप पाठवता येईल?

मामा यावर लगेच काही बोलला नाही. मग जे बोलला त्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला त्याच्याकडून मिळाला.

मामा : याला आम्ही इंटरकनेक्ट म्हणायचो. १९९५ला मुंबईत मोबाइल आला. मोबाइलवाल्याचं गिऱ्हाईक लँडलाइनवर फोन लावणार, तर तो कॉल लँडलाइनच्या एक्स्चेंजमध्ये शिरायला वाट पाहिजे. त्या वाटेला जंक्शन म्हणतात. डिजिटल झाल्यावर ई-वन. एका ई-वनवर एका वेळी ३० संभाषणं, एकतिसावं नाही. नव्या कंपनीला वाटा कमी दिल्या की तिचे कॉल लागत नाहीत, लोक म्हणतात नवी कंपनी भिकार, आणि जुनीला काही न करता गिऱ्हाईक टिकवता येतं. म्हणून ते जुन्या कंपनीच्या मर्जीवर सोडून चालत नाही. १९९७ला ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आली, जोडणी द्यावीच लागेल असे नियम झाले. तरी २०१६ला जिओच्या वेळी तेच झालं. जोडणी पुरेशी दिली नाही म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांना मिळून ३,०५० कोटींचा दंड करा अशी शिफारस केली होती.

मी : आणि नंबर पोर्टेबिलिटी.

मामा : २० जानेवारी २०११पासून देशभर. कंपन्यांनी किती वर्षं टाळलं ते! नंबर ग्राहकाचा, तो बरोबर घेऊन जाईल, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानंतर ग्राहकाशी बोलायची पद्धत बदलली. जाऊ शकणाऱ्या माणसाशी वेगळं बोलतात.

मी : मग मी तरी दुसरं काय म्हणते आहे? कंपनी मोठी आहे म्हणून माझं भांडण नाही, परदेशी आहे म्हणूनही नाही. उद्या चेन्नईची किंवा पुण्याची कंपनी आली आणि तिनेही बाहेरचा दरवाजा ठेवला नाही, तर मी तिच्याशीही असंच भांडेन. युरोपने कायदा करून मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना इतर ॲपसाठी वाट द्यायला लावली. मार्च २०२४पासून तो कायदा त्यांना बंधनकारक आहे, आणि तिथल्या व्हॉट्सॲपवर आता दुसऱ्या ॲपचे निरोप येऊ लागले आहेत. कंपनी तीच, ॲप तेच, आपल्याकडे मात्र ती वाट नाही.

मामा : आपल्याकडे माहितीचा कायदा झाला ना?

झाला, आणि त्यातून जे गळलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण मुंबई उच्च न्यायालयातले. १९९२-९३च्या दंगलींच्या चौकशीमुळे त्यांचं नाव या शहराला चांगलं ठाऊक आहे. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा मसुदा दिला. आपली माहिती एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क त्यात होता. २०१९च्या विधेयकातही तो होता. ते विधेयक २०२२ला मागे घेतलं गेलं आणि २०२३ला जो कायदा संमत झाला त्यात हा हक्क नाही. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. उचलून नेण्याचा नाही. मोबाइलच्या नंबराला जे मिळालं ते आपल्या फोटोंना, पत्रांना, हिशेबांना मिळालं नाही. यावर मोर्चा निघाला नाही, अग्रलेखही फारसे आले नाहीत.

मामा : मोठ्या कंपन्यांना दंड तर झाले की. पेपरात वाचलं होतं.

मी : झाले. अँड्रॉइडच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ला गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. अपिलातही तो टिकला. व्हॉट्सॲपच्या २०२१च्या अटींवरून मेटाला नोव्हेंबर २०२४मध्ये २१३.१४ कोटी. पण मार्च २०२४ला काय झालं ते बघ. कमिशनवरून वाद सुरू असताना गूगलने प्ले स्टोअरवरून भारतीय ॲप काढून टाकली. त्यांत शादी डॉट कॉम आणि कुकू एफएम ही दोन आपल्या मुंबईची. केंद्रीय मंत्री मध्ये पडले तेव्हा ती परत आली. दुकान त्यांचं, दुकानात माल ठेवायचा की नाही हेही तेच ठरवणार, आणि शेजारी दुसरं दुकान चालत नाही. दर वेळी मंत्री कुठून आणायचा?

मामा : मंत्री म्हणालीस ते बरं झालं. आता माझं ऐक. तू म्हणतेस, सरकारने नियम करून दरवाजे उघडावेत. मी दुसरी बाजू पाहिली आहे. फोन ऐकण्याचा हुकूम १८८५च्या टेलिग्राफ कायद्याखाली यायचा. १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंधनं घातली, तोवर ऐकणाऱ्यांना विचारणारं कोण होतं? आज व्हॉट्सॲपवर मी काय बोलतो ते कुणाला ऐकता येत नाही. पहिला निरोप कुणी पाठवला ते शोधून द्या, असा नियम सरकारने २०२१ला केला. त्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? हीच मोठी कंपनी. २०२४ला तिच्या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, कूटलेखन मोडायला लावलंत तर आम्ही इथून जातो. चार पोरांच्या कंपनीने हे म्हणून दाखवावं. तुझा दरवाजा उघडताना चावी मध्येच कुणी उचलली तर?

या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. बंद कुलूप ठेवूनही दोन ॲपना एकमेकांशी बोलता येतं, तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे, युरोपात तीच अट घातली आहे. पण मामाचं भय तंत्राचं नाही, ते आपल्या राज्यकर्त्यांचं आहे आणि अनुभवातून आलेलं आहे. एवढंच म्हणेन, की एका मालकाच्या भीतीने दुसऱ्याच्या आश्रयाला राहणं मला पटत नाही. ती कंपनी आज तुमच्या बाजूने कोर्टात उभी राहिली, कारण त्यात तिचंही हित होतं. ज्या दिवशी ते नसेल, त्या दिवशी तुम्हाला जाता आलं पाहिजे.

मामा : यूपीआयचं काय मग? ते तर आपलं आहे. ते चालवणारी एनपीसीआय मुंबईतलीच.

मी : यूपीआय माझ्याच बाजूचा पुरावा आहे. २०१६ला ते आलं तेव्हा रूळ सगळ्यांसाठी एकच ठेवले. म्हणून भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड कुठल्याही कंपनीचा असला तरी तू कुठल्याही ॲपने पैसे देतोस. तरीसुद्धा ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार दोनच ॲपवरून होतात, फोनपे आणि गूगल पे. कुणाही एकाकडे ३० टक्क्यांहून जास्त नको, हे एनपीसीआयने २०२०लाच ठरवलं होतं. मुदत ढकलत ढकलत २०२६च्या डिसेंबरअखेरवर आली आहे.

मामा : लोकांना आवडतात ती ॲप. लोकांना शिक्षा करणार?

मी : नाही. तिथे माझा जीव तेवढा जळतही नाही. तू आज रात्री ॲप बदललंस तर तुझं खातं, पैसे, भाजीवाला सगळं तुझ्याबरोबर येतं. सगळीकडे एवढं असतं तर मी इतकी बोललेच नसते.

मग विंडोज १०चा विषय निघाला. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीची चांगली चालणारी मशीन अपात्र ठरली. मामाचं म्हणणं, सुरक्षेसाठी कुठेतरी रेघ मारावीच लागते, क्रॉसबार एक्स्चेंजही चालू स्थितीतच काढली होती. माझं म्हणणं, क्रॉसबार काढताना ग्राहकाला नवा फोन घ्यायला लावला नव्हता. तो म्हणाला, मग लिनक्स टाका, पवईला आयआयटीवाले स्पोकन ट्युटोरियलमधून मराठीतही शिकवतात. खरं आहे, आणि ते काम मोठंच आहे. लिबर ऑफिसवर सोसायटीचे हिशेब उत्तम होतील, मी करून देणार आहे. पण ज्या छोट्या ऑफिसचं अख्खं काम टॅलीवर चालतं, त्याला विंडोज सोडता येत नाही. इथेही तेच, एका वस्तूने दुसरीला बांधून ठेवलेलं.

शेवटी आम्ही गेटच्या ॲपवर आलो. दोन अटी मामाने स्वतः लिहून काढल्या. सोसायटीची सगळी नोंद दर महिन्याला साध्या तक्त्यात उतरवून सोसायटीच्या स्वतःच्या डिस्कवर मिळाली पाहिजे. करार संपला की कंपनीने आपल्याकडची माहिती पुसून तसं लेखी द्यावं. ज्याने आयुष्यभर जंक्शन मोजली तो हेच लिहिणार. तिसऱ्या अटीवर मात्र आमचं जमलं नाही.

मी : कामाला येणाऱ्या बायकांची हजेरी त्या ॲपवर नको.

मामा : का? चोरी झाली तर कोण कधी आलं-गेलं ते कळायला नको?

मी : ते वॉचमनच्या वहीतही कळतं. ॲपवर तिचा फोटो, नंबर, रोजची आल्या-गेल्याची वेळ, ती कोणकोणत्या घरात जाते, आणि वर घरोघरचे तिला दिलेले तारे. ती भांडुपहून येते, चार इमारतींत काम करते. एका घरी खटका उडाला आणि त्यांनी एक तारा दिला, तर तो चारही इमारतींत दिसू शकतो. आपण दोघं इतका वेळ 'सोडून जाता आलं पाहिजे' म्हणून भांडतोय. तिने तर या कंपनीत खातंच काढलेलं नाही. ती जाणार कुठून? नायराला कोर्ट होतं, आपल्याला निदान छापील उत्तर आलं. तिला तेही येणार नाही, कारण कंपनीच्या लेखी ती गिऱ्हाईक नाही.

मामा : तारे बंद ठेवता येतात. सेटिंग असतं.

मी : सेटिंग कुणाच्या हातात?

मामा : कमिटीच्या.

मी : कमिटीत त्यांच्यातली कुणी आहे?

मामा : उपविधींप्रमाणे सभासदच असतात. सभेतही सभासदच बोलतात.

मी : मग सभेआधी तू गेटवर उभा राहा आणि त्यांना विचार. ॲप काय आहे, त्यात काय नोंदलं जाणार, हे समजावून सांग. त्या हो म्हणाल्या तर माझं काही म्हणणं नाही.

मामा : विचारीन. सकाळी सात ते नऊमध्ये सगळ्या येतात. पण त्या नको म्हणाल्या तरी पाहुण्यांसाठी ॲप घ्यायलाच हवं, असंच मी सभेत मांडणार.

मी : पाहुण्यांसाठी घे. हजेरीचा भाग ठरावातून वेगळा काढ, त्यावर वेगळं मतदान घे.

मामा : वेगळा ठराव म्हणजे नोटीस पुन्हा काढावी लागेल. चौदा दिवसांची मुदत.

मी : काढ मग.